चित्रात नसलेला दिवा

ऑडिओबुकमधली बाई “आता चित्र क्रमांक चार पाहा” असं म्हणून खुशाल पुढे जायची, तेव्हा चंद्रशेखररावांचा अगदी तिळपापड व्हायचा.

“पाहा म्हणे! पाहता आलं असतं तर हिला कशाला ऐकत बसलो असतो?”

मग मंजुषाताई फोन बंद करायच्या, लायब्ररीतून आणलेलं छापील पुस्तक मांडीवर उघडायच्या आणि नवऱ्याला चित्र सांगायच्या. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या त्या घरात दुपारच्या चहाआधी तासभर हा कार्यक्रम चाले.

चंद्रशेखररावांचा जन्म गेला गाड्यांच्या ब्रेकची ड्रॉइंगं वाचण्यात. एक रेघ चुकली तर माणूस मरतो, असं ते नव्या पोरांना बजावत. रिटायर झाल्यावर त्यांना नाद लागला जपानी रहस्यकथांचा. त्यांत खून, भुताखेतांची सावली आणि मधूनमधून साधीसुधी पेन्सिलची चित्रं. कुणा आजारी माणसानं काढलेला रस्ता, कुणा पोरीनं काढलेलं घर. मजकूर तोंड मिटून बसतो, खरी गोष्ट चित्र सांगतं. पण दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध करडा डाग आला. कडेकडेनं जग शाबूत, आणि ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब.

मंजुषाताईंना खुनांचं वावडं. त्यांचा जीव कीर्तनात. लहानपणी वडिलांचं बोट धरून वाईच्या घाटावर जी कीर्तनं ऐकली, त्यांच्या उबेवर त्यांनी मिशिगनचे चाळीस हिवाळे काढले होते. ऐकून ऐकून कान असा तयार झालेला, की ‘राजा वनात गेला’ एवढ्यावर त्यांचं भागेना. वन कसं होतं, वाट कशी होती, पायात काटा कुठे रुतला, हे नको सांगायला? चित्रंही त्या तशीच सांगत. साग्रसंगीत.

“हं, सांग. चौथं चित्र.”

“डोंगराच्या कडेला घर आहे. भोवती बर्फ पडलाय, अगदी भुसभुशीत, शेवग्याच्या फुलांसारखा.”

“शेवगा नको. खिडक्या किती?”

“पाच.”

पाचही खिडक्या पोरीनं पेन्सिल दाबून दाबून काळ्या केल्या होत्या. कागद फाटायचाच बाकी होता. गोष्टीत गावचे मास्तर बेपत्ता झालेले, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या आठ वर्षांच्या विद्यार्थिनीनं समोर बसून काढलेलं हे त्यांचं घर. मंजुषाताईंना बघवेना. समोर खुर्चीत हे, मान पुढे काढून, सगळं अंग कान झालेलं. या माणसाला इतका काळोख कसा सांगायचा? तोंडून निघूनच गेलं, “एका खिडकीत दिवा आहे हो. लहानसा. शांत तेवतोय.”

“दिवा!” चंद्रशेखरराव ताठ बसले. “मग मास्तरांकडे कामाला असलेली बाई खरं बोलतेय. ‘मी संध्याकाळभर घरात शिवत बसले होते,’ म्हणाली ना ती? संशयितांच्या यादीतून काट तिचं नाव.”

मंजुषाताईंनी नावावर काट मारली. कीर्तनात बुवा राजाच्या महालाला चार खांब जास्त लावतात, त्यानं कथेचं काय बिघडतं? एका दिव्यानं असं काय होणार होतं?

ही पुस्तकं सुचवायचा सौमित्र. आता शिकागोजवळ शॉमबर्गला आयटीत बरा मोठा झालेला, पण पहिल्या नोकरीत यांच्याच बेसमेंटमध्ये राहिलेला. दोघांचा नेम असा, की शेवटचं प्रकरण उघडण्याआधी फोनवर आपापला खुनी सांगायचा. गेल्या चारही पुस्तकांत काका जिंकले होते. देवळात कुणी तब्येत विचारली की म्हणत, “डोळे गेले तरी ड्रॉइंग वाचता येतं अजून.” आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की त्यासाठी मंजुषाताई आणखी चाळीस खून वाचायला तयार होत्या.

या वेळी काकांनी पोस्टमन सांगितला. रविवारी शेवटचं प्रकरण ऐकलं. खुनी निघाली ती कामवाली बाई. तेवढ्यात सौमित्रचा फोन आला, नेहमीसारखा स्पीकरवर.

“काका! फायनली हरवलं तुम्हाला! काय यार, इतकं सोपं होतं! शिवत बसले म्हणते आणि घरात सगळ्या खिडक्या काळ्याकुट्ट! अंधारात कोण शिवतं?”

मंजुषाताईंच्या हातातली गाळणी कपावर तशीच राहिली.

“काळ्या,” चंद्रशेखरराव हळूच म्हणाले. “सगळ्या काळ्या. हो रे. माझीच गल्लत झाली. म्हातारा झालो.”

“छे छे, काका, पुढच्या वेळी घ्या बदला. काकू, दमवता की नाही काकांना?”

फोन संपला. चुकीचं खापर त्यांनी स्वतःवर फोडून घेतलं होतं, आणि मंजुषाताईंना ते चार शब्द सुनावण्यापेक्षा जास्त लागलं.

“मीच लावला तो दिवा,” त्या म्हणाल्या. “फार काळं होतं हो चित्र.”

“खुनी बाईला दिवा दाखवून सोडवलंस म्हणजे.” ते हसले, पण हसू लगेच विरलं. बराच वेळ त्यांनी अंगठ्यानं खुर्चीचा हात घासला. “मंजू, गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. तू वाचून दाखवलंस. ‘आहे तसंच आहे.’ त्यातही लावलास का दिवा?”

बाहेर कुणीतरी पानं उडवायचा लीफ ब्लोअर चालवत होतं. ते थांबेपर्यंत मंजुषाताई उभ्या राहिल्या. मग देवघरात गेल्या, पोथीखालून पाकीट काढलं आणि येऊन त्यांच्या समोर बसल्या.

“वाचते. काही घालत नाही, काही गाळत नाही.” इंग्रजी पत्रातल्या एकेका ओळीचा अर्थ त्या सांगू लागल्या. दोन्ही डोळ्यांतले डाग वाढलेत. उजवा जास्त. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकवायचा प्रयत्न करायचा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

“तीन? तू सहा म्हणालीस.”

“अपॉइंटमेंट तीनचीच घेतलीय. तुम्हाला डेंटिस्ट सांगून नेणार होते.”

“डेंटिस्ट!” चंद्रशेखररावांनी बायकोच्या दिशेनं पाहिलं. “अगं, तिथे डोळ्यांत थेंब घातले असते तेव्हा काय सांगितलं असतंस? नवीन टेक्नॉलॉजी आहे?”

“त्याचा विचार नव्हता केला अजून.”

आता मात्र ते हसले, पोटभर. हसता हसता डोळे पुसले, ते पुसणं जरा लांबलं. मंजुषाताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

“वाढलंय हे मला कळत होतं,” ते म्हणाले. “तुझं कपाळ दिसायचं कडेनं, तेही आता पुसट झालंय. पण तू म्हणालीस तसंच आहे, तर मला वाटलं, माझंच डोकं फिरतंय. हे जास्त वाईट गं.”

“यापुढे असेल तेवढंच सांगीन. खिडक्या पाच, काळ्या. संपलं.”

“नको बाई. असं ऐकायचं तर मग त्या ऑडिओबुकवालीनं काय पाप केलंय? तुझं सांगणं हवं मला. फक्त आधी चित्र सांग. मग जरा थांब. मग तुझं कीर्तन.”

बुधवारी सौमित्रनं सुचवलेलं पुढचं पुस्तक लायब्ररीतून आलं. दुपारी मंजुषाताईंनी चष्मा पुसून पहिलं चित्र उघडलं.

“एक बाई आहे. पाठमोरी. समोर पाणी, नदी की समुद्र ते कळत नाही. उजव्या हातात काहीतरी धरलंय.” त्या पानावर वाकल्या. अगदी नाक टेकेपर्यंत. “काय आहे ते मला ओळखू येत नाहीये हो.”

इतक्या पुस्तकांत हे त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या.

“वा,” चंद्रशेखरराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “तिथेच आहे बघ सगळं. लांबट आहे की गोल?”

“लांबट. टोकाला जाड.” मंजुषाताई थांबल्या. मनात पाच मोजले. “आता माझं सांगू?”

“सांग.”

“घरी तिची कुणीतरी वाट बघतंय.”

“खुनी असली तरी?”

“असली तरी,” मंजुषाताई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.