रांगेत अराबाचा नंबर धरणारा मी

मी दगड बोलतोय. हसू नका. दगड उभा केला तरी निवडून येईल, असं लोक म्हणतात ना? मी चक्क मतदानाच्या रांगेत उभा राहिलोय!

घानाच्या किनाऱ्यावर लाटांनी मला घासूनपुसून गुळगुळीत केलं. अराबा नावाच्या बाईने उचलून घरी आणलं ते पामच्या बिया फोडायला. एरवी मला कुत्रं विचारत नाही. पण राष्ट्राध्यक्ष आणि खासदार निवडायचा दिवस आला, की माझा भाव वधारतो. आदल्या संध्याकाळीच लोक शाळेच्या अंगणात दगड, चपला, फुटक्या बादल्या रांगेने मांडून जातात. ज्याची वस्तू, त्याचा नंबर. यंदा मी पहिला! माझ्यामागे शेजारच्या एकुबाची चप्पल.

या दोघींचा अबोला होता. मागच्या निवडणुकीत एकुबाचा मुलगा कोबिना खासदारकीला पडला. "लहानपणी त्याला मक्याची केंकी भरवलीस, आणि मत दुसऱ्याला दिलंस?" असं एकुबा ओरडली, ते शेवटचं बोलणं. अराबा दुसऱ्या पक्षाची, अगदी कट्टर. यंदा कोबिना पुन्हा उभा होता.

सकाळी केंद्र उघडलं, तरी अराबाचा पत्ता नाही. तिचं केंकीचे गोळे उकडायचं पातेलं अजून चुलीवर.

"फेका तो दगड बाजूला!" मागचे कोकलू लागले.

एकुबा कमरेवर हात ठेवून गर्रकन वळली. "हात तर लावून बघा! दगड इथे आहे म्हणजे अराबा इथे आहे. वैरीण माझी आहे, तुमची नाही. मी थांबते, तर तुम्हाला कसली घाई?"

पिठाच्या हातांनी धावत आलेल्या अराबाने हे ऐकलं. ती मला काखोटीला मारून आत गेली. वाऱ्याने मतपत्रिका फडफडत होत्या, म्हणून मला वर ठेवलं. राष्ट्राध्यक्षासाठी शाई लावलेला अंगठा नेहमीच्याच पक्षावर उठला. दुसऱ्या, खासदारकीच्या कागदावर मात्र घुटमळला. "मेली माझ्यासाठी भांडली," असं पुटपुटत तिने तो कोबिनाच्या फोटोशेजारी दाबला आणि उरलेली शाई माझ्या पाठीला पुसली.

कोबिना पुन्हा पडला. आता रोज संध्याकाळी एकुबा अराबाच्या दारात केंकी खायला येते.

"तू मत दिलंच नाहीस!"

"दिलं गं बाई, शप्पथ!"

"खोटारडी! मासा वाढ अजून."

अहो, कुणीतरी सांगा हो त्या एकुबाला! मी डोळ्यांनी पाहिलंय, शाईचा डाग अजून पाठीवर आहे. नाहीतर नको, राहू द्या. भांडण मिटलं, तर उद्या ती कुठल्या निमित्ताने येईल?