गौरम्माची माती

पंढरीनं पहार जमिनीवर आपटली. ठिणगी उडाली, माती हलली नाही.

"मयत बसवायचं का निजवायचं, ते आधी सांगा. भुई दगड झालीय. दोन डाव खणणं माझ्यानं व्हायचं न्हाई."

बाभळीच्या विरळ सावलीत उभ्या असलेल्या महानंदानं थोरल्या भावाकडं पाहिलं.

"बसवायचं," संगप्पा म्हणाला. "लिंगायताच्या घरची बाई हाय. हातात लिंग देऊन बसवायचं. विचारायचं काय त्यात?"

"आईनं बाप्तिस्मा घेतला होता, अण्णा."

"घेतला असंल. तू लातूरला राहतीस, जिल्ह्याच्या गावची झालीस आता. भावकीला तोंड मला दाखवायचंय."

बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर गौरम्माला येशू भेटला होता. घरी आल्यावर ती आधी लेकीजवळच बोलली. नुकतीच मास्तरीण झालेली महानंदा म्हणाली होती, "ऊन लागलं असेल गं तुला." आई हसली आणि पुढची अकरा वर्षं त्यावर एक अक्षर बोलली नाही. उदगीरला जाऊन बाप्तिस्मा घेतला, तोही महानंदाला बाहेरून कळला. काल आई गेल्यापासून तिच्या कानात आईचा आवाज नव्हताच. स्वतःचं ते एक वाक्य तेवढं फिरून फिरून येत होतं.

केवळाबाई लांब, बांधावर बसली होती. दर रविवारी गौरम्मा तिच्याकडे प्रार्थनेला जायची. महानंदा तिच्यापाशी जाऊन मातीतच टेकली.

"तुमच्यात निजवतात ना?"

"हाव."

"आईला काय हवं होतं?"

"तसलं काई बोलली न्हाई. मरणाचं भ्याच न्हवतं तिला."

"त्या दिवशी तिला काय दिसलं होतं?"

केवळाबाईनं डोळे बारीक केले. "तुला न्हाई सांगितलं?"

महानंदा हातातली काटकी मोडत राहिली.

"दिसलं काईच न्हाई, बाई. चक्कर येऊन खडीवर पडली व्हती. समदे भाकरी खायला गेलते. म्हणायची, पाठीखाली हात घालून त्यानं बसती केली मला. गौरा म्हणून हाक मारली. मी म्हणलं, वळून बघायचं न्हाई का येडे? तर म्हणली, बघायची गरजच वाटली न्हाई."

महानंदा उठली. पदराला लागलेली माती तिनं झटकली नाही.

"बसवा," ती पंढरीला म्हणाली. मग संगप्पाकडं वळली. "पण हात रिकामे राहू दे तिचे."

संगप्पानं मागं वळून पाहिलं. भावकीतले चारजण लांबून बघत होते. बसलेली दिसली म्हणजे त्यांना पुरे होतं. मुठीतलं लिंग त्यानं पुन्हा वस्त्रात गुंडाळलं.

उन्हं कलली तेव्हा कुठं खड्डा झाला. गौरम्माला आत उतरवून बसवलं. माती छातीशी येईपर्यंत पाठ धरावी लागते. संगप्पाला मागं सारून महानंदा खाली उतरली.

"घट्ट धरा, ताई," वरून पंढरी म्हणाला. "कलंडंल."

आईच्या पाठीमागं गेलेला तिचा हात मध्येच थांबला. बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. मग तिनं तो हात काढून घेतला. खांद्यावरचा दुसराही काढला.

गौरम्मा बसून होती. मागची मातीची भिंत अजून वीतभर लांब होती.

महानंदा खड्ड्याची कड धरून वर आली.

"अगं, वर काय आलीस? धरायचं कुणी?" संगप्पा ओरडला.

"धरलंय," ती म्हणाली. "माती लोटा."