धुराड्यामागचं दार

"हा हूक काढूनच टाकू का हो, बोसन?" शिडीच्या टोकावरून रंगारी ओरडला. "रिकामाच आहे. ब्रश अडकतोय नुसता."

शिडी धरून उभ्या असलेल्या बोसनने मान वर केली. चर्चच्या छताला तीन हूक होते. त्यातल्या दोन हुकांना वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली छोटी लाकडी जहाजं टांगलेली असायची. छताला रंग द्यायचा म्हणून त्याने ती सकाळीच दोर लावून, तान्ही मुलं उतरवावीत तशी खाली उतरवली होती. तिसऱ्या हुकाला गंज चढला होता.

"काढा," तो म्हणाला. "त्याचं काय काम आता?"

"हात लावू नका त्याला!"

आवाज मधल्या बाकावरून आला. तिथे बोसनची आई बसली होती. सून बाजारात गेली होती, म्हणून तो तिला सोबत घेऊन आला होता. हातात जपमाळ आणि अंगावर धुतलेली शाल घेऊन ती तिच्या नेहमीच्या जागेवर, बरोबर त्या हुकाखाली बसली होती.

फादर नवे होते, वयानेही लहान होते. ते घाईघाईने तिच्याजवळ गेले. "आजी, अहो, साधा हूक तर आहे. रंग झाला की वाटल्यास पुन्हा बसवू."

"फादर, तुम्ही शाळेत डबा घेऊन जात असाल तेव्हा मी तो बसवून घेतलाय. जहाज यायचंय त्याला."

"कधी यायचंय, आजी?" रंगाऱ्याने वरून विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याला फक्त काम उरकायचं होतं. "मला शनिवारी छत संपवायचंय, म्हणून विचारतो."

आईने मान मुलाकडे वळवली. पण तिचा अंदाज जरा चुकला. "ते याला विचारा," ती शेजारच्या खांबाला म्हणाली.

बोसनने पुन्हा वर हुकाकडे पाहिलं. हूक जुन्या फादरांनी बसवला, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

बोसन म्हणजे जहाजाच्या डेकवरच्या खलाशांचा मुकादम. समुद्र सोडून वीस-एक वर्षं झाली, तरी वस्तीतलं कुणी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. आता तो बंदरावरच्या गोदामात तुटलेले दोर सांधायचं काम करी. दोराचे पदर उसवून एकमेकांत असे विणायचे की सांधा मूळ दोराइतकाच भार घेईल. हात लावून पाहिलं तर तेवढ्या जागी दोर जरा जाड लागतो. बाकी काही कळत नाही.

त्याच्या शेवटच्या सफरीत त्यांचं जहाज सुटं धान्य घेऊन चाललं होतं. पोत्यांतलं धान्य जागेवर राहतं. सुटं धान्य मात्र पाण्यासारखं वाहतं, आणि एकदा एका बाजूला वाहिलं की दुसऱ्या लाटेबरोबर परत येईलच असं नाही. वादळात तेच झालं. जहाज कलंडलं आणि सरळ होईना. खालच्या बाजूची बोट पाण्यात सोडली. ती जहाजापासून लांब जाऊ नये आणि मागून येणाऱ्यांना तिच्यात उतरता यावं, म्हणून तिचा एक दोर जहाजाला बांधलेला असतो. जहाज बुडू लागलं की तो तोडावाच लागतो. नाहीतर जहाज बोटीलाही सोबत घेऊन जातं. त्यासाठी बोटीत कुऱ्हाड ठेवलेली असते, आणि ती चालवायचं काम बोसनचं.

कॅप्टन शेवटी उतरला आणि ओरडला, "तोड!"

इंजिनखोलीतली माणसं अजून वर यायची होती. त्यात बोसनचा धाकटा भाऊ होता. तो यंत्रांना तेलपाणी करायचा. खालून वर येणारा जिना धुराड्याच्या मागच्या एका छोट्या लोखंडी दारात संपत असे, आणि ते दार बोटीतून स्वच्छ दिसत होतं. बोसन कुऱ्हाड घेऊन दाराकडे बघत उभा राहिला. एक लाट गेली. उघड, तो मनात म्हणत होता, देवा, एवढं एक दार उघड. दुसरी लाट गेली. कॅप्टन पुन्हा ओरडला. त्याने दोर तोडला.

जहाज कूस बदलून झोपावं तसं गेलं.

पुढे बोटीत कितीतरी दिवस ते वाहत राहिले. पाणी बाटलीच्या झाकणाने वाटून घेत होते. सगळे एका धर्माचे नव्हते, पण तहानेने जीभ सुजल्यावर कुणी ते विचारत नव्हतं. स्वयंपाकी म्हणाला, "बोसन, तुझ्या देवळात वाचलेल्यांची जहाजं टांगतात ना? तुझ्या हातात कसब आहे. जमीन दिसली तर आपलंही टांग बाबा." बाकीचेही तेच म्हणाले. बोसनने मान डोलावली. नवस बोलला तो एवढाच.

जमीन दिसली. सगळे घरी गेले.

दोर तोडल्याची गोष्ट त्याने लपवली नाही. चौकशीत सांगितली. साहेब म्हणाले, योग्य केलंत. आईला तर त्याने पहिल्याच दिवशी, दारात उभं राहून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी जेव." त्यानंतर त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही. फक्त चर्चमध्ये नव्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढरामागे गेलेल्या मेंढपाळाचं बायबलमधलं वाचन निघालं की बोसन हळूच उठून बाहेर जायचा आणि संपल्यावर आत यायचा.

चर्चमधून परतल्यावर त्या संध्याकाळी तो घरामागच्या पत्र्याच्या खोलीत नवसाच्या जहाजासमोर बसला होता. बंदरावरच्या टाकाऊ लाकडातून केलेलं, हातभर लांबीचं जहाज. शिड्या, नांगर, कठडे, दोन्ही बाजूंच्या बोटी, सगळं जागच्या जागी. बायको कंदिलाच्या काचा पुसायचं निमित्त करून आत आली.

"झालंय की हे. कधीचं झालंय."

"पुढचा भाग प्रमाणात नाही. पुन्हा करावा लागेल."

"अहो, देव काय फुटपट्टी घेऊन बसलाय?"

"टांगायचं तर नीट नको?"

"नीट!" बायकोने फडकं आपटलं. "आईंची नजर गेली, तरी तुमचं नीट काही झालं नाही."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. ती काचा तशाच ठेवून निघून गेली.

आईला काचबिंदू झाला होता. त्यात नजर कडेकडून जाते. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपलं ठीक चाललंय. मग नळीतून बघावं तेवढंच उरतं, मग तेही जातं. घर पाठ असल्यामुळे ती कुठे अडखळली नाही आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. एके दिवशी तिने चहा कपाच्या शेजारी ओतला तेव्हा कळलं. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या क्षणी बोसनच्या मनात दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी येऊन गेलं. सुटलो, आता हिला ते जहाज बघावं लागणार नाही. ज्या जहाजाने धाकटा नेला ते दर रविवारी हिच्या डोक्यावर टांगायचं कसं, या विचाराने तर त्याने इतकी वर्षं पुढचा भाग तोडला आणि जोडला होता.

आणि आज कळलं की ती इतकी वर्षं हूक लावून वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने जहाज चादरीत गुंडाळून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"आई, आणलंय."

"थांब." ती उठली, साबणाने हात धुऊन आली, ते पदराला पुसून खुर्ची ओढून बसली. "कुठंय? दाखव. म्हणजे हात धर माझा."

त्याने तिचा हात जहाजाच्या नाकावर ठेवला. बोटं हळूहळू मागे सरकू लागली.

"एवढंसंच? एवढ्याशात तुम्ही सगळे मावत होतात?"

"आई, लहान करून बनवलंय ते."

"कळतंय मला. तुला गंमतसुद्धा कळत नाही, तुझ्या बापासारखी." बोटं कठड्यावरून गेली. "हा नांगर. किती बारीक केलायस रे. ही बोट. हीच का?"

"ती दुसऱ्या बाजूची. ही आमची."

तिने त्या बोटीवर जरा वेळ तळवा ठेवला. मग पुढे जाऊन तिला धुराडं सापडलं. ते तिने मुठीत धरून पाहिलं आणि बोट त्याच्या मागे नेलं. तिथे ते थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. तिथे नुसतं गुळगुळीत लाकूड होतं.

"दार कुठंय?"

"कुठलं दार?"

"मुकादम तू आणि विचारतोस मला? धुराड्यामागचं. सुट्टीवर आला की तेच सांगायचा धाकटा. खाली भट्टीसारखं उकडतं, मग जेवून झालं की दार उघडून उंबऱ्यावर बसतो, वारं खातो. आणि दादा तिकडून ओरडतो, दार लाव म्हणून."

"समुद्रात ते उघडं ठेवायचं नसतं, आई. पाणी आत जातं."

"माहितेय. नियमाचा पक्काच होतास तू." ती हसली, आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं. "मग आता तो बसेल कुठं?"

बोसनने चादरीची घडी घातली, उलगडली. "मी बघत होतो तिकडे," तो म्हणाला. "उघडलंच नाही ते."

"म्हणून केलंच नाहीस."

"हो."

बाहेर सून कपडे वाळत घालत होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मध्येच थांबला.

"मेंढराचं वाचन आलं की तू उठून जातोस," आई म्हणाली. "बुटांच्या आवाजावरून कळतं मला. दिसत होतं तेव्हाही कळायचं. मला ते ऐकताना नेहमी एक प्रश्न पडतो. फादरांना विचारला नाही, उगाच रागावतील. मागे राहिलेल्या त्या नव्याण्णवांना काय आया नव्हत्या?"

त्याने जहाजाच्या कठड्यावरून अंगठा फिरवला.

"तुमच्या त्या स्वयंपाक्याची आई आली होती. तू गोदामात गेला होतास. तीही माझ्यासारखीच म्हातारी. काही बोलली नाही, माझे दोन्ही हात धरून बसून राहिली. निघताना मी म्हटलं, आमचं जहाज टांगलं की या बघायला. येते म्हणाली."

"मला का नाही सांगितलंस? कुठं राहते ती?"

"वारली रे ती. होऊन गेली बरीच वर्षं."

"आई, तू एकदा तरी म्हणायचंस. हूक तू बसवलास, एका शब्दाने बोलली नाहीस."

"तू करत होतास ना. ठोकल्याचा आवाज यायचा. वाटलं, घाई केली तर तुला त्रास होईल." तिचं बोट पुन्हा धुराड्यामागे गेलं. "मला त्याची कबर नाही रे कुठं जायला. वाटायचं, तेवढं एक वर बघायला होईल."

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, मीही तुझ्याचसाठी थांबलो होतो. पण ते आता सांगून तिला काय दिसणार होतं?

बिस्किटांच्या डब्याचं झाकण कापून त्याने दार केलं. करंगळीच्या नखाएवढं, तारेच्या बिजागरीवर फिरणारं. त्याच्या खाली काडीचा उंबरा बसवला. पुढच्या भागाला त्याने पुन्हा हात लावला नाही. बघणाऱ्याला कळलं नसतं, पण तो भाग खरंच प्रमाणात नव्हता.

शनिवारी छत पांढरंशुभ्र झालं होतं आणि रंगाचा वास डोक्यात जात होता. रंगाऱ्याने गंजका हूक घासून, त्यालाही रंगाचा हात मारून ठेवला होता. या वेळी शिडी त्याने धरली आणि बोसन वर चढला. जुनी दोन्ही जहाजं जागेवर गेली. मग त्याने दोराच्या टोकाला तिसरं बांधलं आणि हळूहळू वर ओढून घेतलं. फादरांनी बाटली उघडून पवित्र पाणी शिंपडलं. त्यातले थोडे थेंब रंगाऱ्यावर पडले. "माझंही झालं," तो म्हणाला, आणि सून हसली.

बोसन खाली उतरला आणि बाकावर आईशेजारी जाऊन बसला.

"जहाजाचं तोंड कुठं केलंस?" आईने विचारलं.

"वेदीकडे. बाकीच्यांसारखंच."

"आणि दार?"

"उघडं ठेवलंय."

फादरांनी वास जावा म्हणून मोठा दरवाजा सताड उघडला. बंदराकडून वारा आत आला. वर हूक हलकेच करकरला आणि जहाज जागच्या जागी थोडं वळलं. आईने आवाजाच्या दिशेने तोंड वर केलं. या वेळी तिचा अंदाज अगदी बरोबर होता.

"आता त्याला दार लाव म्हणू नकोस," ती म्हणाली.

बोसनने मान हलवली. मग तिला ते दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो मोठ्याने म्हणाला, "नाही म्हणत."