ओतीव आकडा

मी पोचलो तेव्हा कुसी नावाच्या फिटरला त्यांनी, जो चोरल्याचा त्याच्यावर आळ होता त्या गिअरबॉक्सलाच बांधून ठेवलं होतं. दीडशे किलोचं बीड, ओतीव लोखंड, ते घेऊन पळणार कुठे? शर्ट फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. भोवती आमच्या दुकानांच्या लाईनीतले साठ-सत्तर जण, आणि मागून कुणीतरी जुना टायर घरंगळत आणत होता. सुआमेच्या या मोडीच्या गाड्यांच्या बाजारात टायर हजारांनी पडलेले असतात. पण अशा वेळी आणलेला टायर चोराच्या गळ्यात घालून पेटवायला असतो, हे कुमासीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"सरका, मास्तर आले," कोणीतरी म्हणालं आणि वाट झाली.

मास्तर म्हणजे मी, मार्फो. जुन्या लॉऱ्यांचे गिअरबॉक्स ओळखण्यात माझी चाळीस वर्षं गेली. ज्यांचं उत्पादन कधीच बंद पडलं, ज्यांच्यावरची पाटी गंजून गेली, असे बॉक्स माझ्यापुढे आणून टाकायचे आणि मी सांगायचं, कुठल्या गाडीचा, कुठल्या सालचा, पोटात किती गिअर. चोरीचा वाद झाला तरी लाईन मलाच बोलावते. मी बॉक्स बघतो आणि ज्याचा ठरेल त्याच्या नावानं वर खडूची रेघ मारतो. रेघ पडली की वाद संपला, पोलिसांकडे कोणी जात नाही. हा मान मला फार आवडायचा, खोटं कशाला बोलू.

"वाच, मास्तर," अमांक्वानं वही माझ्या नाकापुढे धरली. अमांक्वा लाकडाच्या ओंडक्यांच्या लॉऱ्या चालवतो, तीन आहेत त्याच्या, आणि आवाज तीसजणांचा. "रविवारी आम्ही सगळे चर्चला गेलो आणि या हरामखोरानं उभ्या लॉरीखालून बॉक्स काढून नेला. हा माझ्या वहीतला आकडा. हा बॉक्सवरचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

"मास्तर, मी टेचिमानच्या मोडवाल्याकडून घेतलाय हो," कुसी म्हणाला. "गेल्या गुरुवारी. रविवारच्या आधी. विचारा त्याला."

"विचारलं की! फोन बंद आहे त्याचा. चोराचा साक्षीदार दुसरा कसा असणार?"

माणसं हसली. मी खाली बसलो आणि बॉक्सच्या कुशीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला. बिडातून वर उठलेले, बोटाला लागणारे आकडे. चार, सात, एक, शून्य, तीन, आठ. वहीतही तेच. मी ते मोठ्यानं वाचलेच नाहीत. हा आकडा मला पाठ होता, आणि तो या कुसीमुळे नव्हे.

नऊ वर्षांपूर्वी मी हाच आकडा असाच वाचला होता. तेव्हा बांधलेला होता ग्याम्फी, माझ्याच शेजारच्या टपरीतला फिटर. एका पावाच्या लॉरीचा मालक अशीच वही घेऊन आला होता. मी दोन्ही आकडे ताडून पाहिले, छाती पुढे काढून म्हणालो, "या जगात दोन बॉक्सचा आकडा एक नसतो," आणि रेघ मारली. ग्याम्फीचा उजवा कोपर त्यांनी तिथंच मोडला. मग उघडा करून हाकलत मुख्य रस्त्यापर्यंत नेला. तो उत्तरेला निघून गेला आणि परत आला नाही.

चूक कशी झाली, तेही सांगतो. आमच्याकडे प्रत्येक मोडीची गाडी वेगळ्या देशातून, वेगळ्या सालातून येते. एका जातीचे दोन बॉक्स शेजारी ठेवून बघायची वेळच येत नाही. त्यामुळे वर उठलेला आकडा म्हणजे त्या बॉक्सचं नाव, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, आणि मालकही वहीत तोच उतरवून ठेवतात. दोन वर्षांनी मी सुन्यानीहून एक मोडका बॉक्स आणला, डिझेलनं धुतला आणि बघतो तर चार, सात, एक, शून्य, तीन, आठ. रेल्वेच्या ओतकामातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याला मी आडून आडून विचारलं. तो हसला. म्हणाला, "अरे, उठलेला आकडा साच्याचा असतो. त्या साच्यातून हजार ओता, हजारांवर तोच. बॉक्सचा स्वतःचा आकडा छिन्नीसारख्या पंचानं ठोकतात, तो आत खोल गेलेला असतो."

त्या दिवसापासून मला माहीत होतं. तो बॉक्स मी ताडपत्रीखाली ढकलला आणि गप्प बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे चोरीचे चार-सहा वाद आले, ते मी दुसऱ्या खुणांवर मिटवले आणि उठलेल्या आकड्याचं नाव काढलं नाही. आता मात्र तोच आकडा माझ्या अंगठ्याखाली होता आणि टायर येऊन कुसीच्या पायाशी पडला होता.

"पाना द्या," मी म्हणालो. "झाकण खोलतो."

"झाकण कशाला?" अमांक्वा म्हणाला. "आकडा दिसत नाही का?"

"माणसाचा जीव जायची वेळ आहे. पोट बघू दे."

मी मुद्दाम सावकाश आठ बोल्ट काढले. डोक्यात एकच होतं: याला सोडवायचं, आणि जुनं काही न उकरता सोडवायचं. आत बोट घालून दाते चाचपले आणि मला हायसं वाटलं. लाकडाची लॉरी जंगलातून भरून उतरते ती दुसऱ्या गिअरात, तिच्या दुसऱ्याचे दाते झिजून चाकूसारखे होतात. इथं दुसरा गिअर नवा कोरा, आणि चौथा पार घासलेला. ही सपाट रस्त्यावर माणसं वाहणारी गाडी होती. मी ते सगळ्यांना दाखवलं. पुढचे काही जण वाकून बघून गेले, मानाही हलल्या.

"दाते मला शिकवतोस?" अमांक्वा डगमगला नाही. "गेल्या वर्षी मी दुसरा गिअर नवा घातला आणि चौथा जुन्यातला टाकला. या बाजारात एका तरी बॉक्सच्या पोटात स्वतःची आतडी आहेत का, सांग. तूच तीन बॉक्सचा एक करून विकतोस."

यावर सगळे पुन्हा हसले, आणि ते खरंही होतं. नाना ओफोरी, आमच्या लाईनीचे प्रमुख, इतका वेळ स्टुलावर काठी धरून बसले होते. ते म्हणाले, "मार्फो, आतलं बदलतं. बाहेरचं बीड बदलत नाही. आकड्याचं बोल. दोन बॉक्सचा आकडा एक नसतो, हे तुझंच वाक्य आहे. मी इथंच बसलो होतो तेव्हा."

"होय, नाना."

"मग?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गर्दीतून पोकुआ पुढे आली. डोक्यावर केंकेचं, आंबवलेल्या मक्याच्या गोळ्यांचं, घमेलं तसंच. पोकुआ ग्याम्फीची धाकटी बहीण. भावाच्या त्या प्रकारानंतर तिनं बाजार सोडला नाही, मान खाली घालून इथंच केंके आणि तळलेली मासळी विकत राहिली. दर शुक्रवारी ती माझ्यापुढे जेवणाचं एक पान ठेवते आणि पैसे घेत नाही. "आमच्या घराण्यानं तुमच्या लाईनीला डाग लावला," असं पहिल्यांदा ठेवताना म्हणाली होती. आणि मी ते पान खात आलो. सात वर्षं सगळं माहीत असून खात आलो.

"काका, एवढा विचार कसला करताय?" ती म्हणाली. "रेघ मारा. माझ्या सख्ख्या भावाच्या वेळी तुमचा हात थरथरला नव्हता. तेव्हा मी म्हटलं, न्याय तो न्याय, आणि गिळलं. आता या कोण कुठल्या माणसासाठी नियम वेगळा का?"

"बरोबर बोलली!" मागून दोघं-तिघं ओरडले. एकानं टायर उचलून उभा केला. कुसी रडत नव्हता, फक्त माझ्या हातातल्या खडूकडे बघत होता. मी घाबरलो होतो. भीती टायरची नव्हती, मला कोण हात लावणार? भीती या बाईची होती.

मी खडू खिशात ठेवला.

"माझ्या दुकानात मागे निळी ताडपत्री आहे," मी म्हणालो. "तिच्याखालचा बॉक्स घेऊन या. चौघं जा, जड आहे."

"आता हे काय नवीन?" अमांक्वा म्हणाला.

"घेऊन येऊ दे," नाना म्हणाले.

चौघांनी हातगाडीवरून बॉक्स आणला. पोकुआनं घमेलं खाली उतरवलं. बॉक्स कुसीच्या बॉक्सशेजारी ठेवला, मी डिझेलच्या चिंधीनं त्याची कूस पुसली आणि अमांक्वाला म्हणालो, "आता तू वाच. मोठ्यानं."

त्यानं वाकून वाचायला सुरुवात केली, जोरातच केली. "चार. सात. एक." शून्यापाशी त्याचा आवाज उतरला. तो वहीकडे बघायला लागला, मग पुन्हा बॉक्सकडे. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून वाचू लागली.

"हा बॉक्स पण तुझाच का?" मी विचारलं. "तुझ्या वहीतलाच आकडा आहे. उठलेला आकडा साच्याचा असतो. त्या साच्यातून निघालेल्या सगळ्यांवर तोच. स्वतःचा आकडा हा, ठोकलेला, इथं तळाशी." मी स्क्रू-ड्रायव्हरनं दोन्ही बॉक्सच्या तळाच्या पट्टीवरचं जुनं वंगण खरवडलं. दोन वेगळे आकडे निघाले. "यातला कुठला तुझ्या वहीत आहे, दाखव. दाखवलास तर आत्ता रेघ मारतो."

अमांक्वानं वहीची दोन पानं उलटली आणि वही मिटली. "मला हे कोणी कधी सांगितलंच नाही," तो पुटपुटला.

"सोडा त्याला," नाना म्हणाले. कुणीतरी दोरी कापली. कुसी उठला, पडला, पुन्हा उठला, आणि जाताना माझ्या दंडाला हात लावून गेला. टायर ज्यानं आणला होता त्यानंच तो गुपचूप मागे नेला. माणसं पांगायला हवी होती, पण कोणी हललं नाही. जे मला कळलं होतं ते त्यांनाही एकेक करून कळायला लागलं होतं, आणि सगळे पोकुआकडे बघणं टाळत होते.

ती बॉक्सपाशी येऊन उकिडवी बसली. तिला वाचता येतं, पाचवीपर्यंत शिकली आहे. बोट फिरवत तिनं सहाही आकडे वाचले. त्या दिवशी तीही हजर होती, तिलाही ते पाठ असणार.

"म्हणजे माझा भाऊ," ती म्हणाली आणि थांबली. मग तिनं वेगळंच विचारलं. "काका, हा बॉक्स तुमच्याकडे कधीपासून आहे?"

'गेल्या महिन्यात आला' असं म्हणता आलं असतं. ओतकामवाला म्हातारा मेला होता, सुन्यानीचा मोडवाला कुठे गेला कोणाला ठाऊक नव्हतं. चूक झाली, आत्ताच कळलं, लगेच सांगितलं. लोकांनी उलट माझी पाठ थोपटली असती. ते वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, आणि मी ते बोललो असतो, तिनं नजर हटवली असती तर.

"सात वर्षं," मी म्हणालो.

तिच्या ओठांची हालचाल चालली होती, ती वर्षं मोजत होती.

"आई चार वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "थोरला मुलगा नसताना पुरलं आम्ही तिला. मामा म्हणाले, चोराला अंत्यविधीला बोलावलं तर गावात तोंड दाखवता येणार नाही. आई शेवटी त्याचंच नाव घेत होती आणि मी तिला गप्प बस, गप्प बस म्हणत होते. मी."

"पोकुआ, पोरी, मला..."

"तुम्ही मला काही सांगू नका."

तिनं कंबरेच्या गाठीतून फोन काढला. भावाचा नंबर पाच वर्षांपूर्वी उत्तरेतल्या तमालेहून एका ड्रायव्हरनं आणून दिला होता, ग्याम्फी तिथं पिठाच्या गिरणीत आहे म्हणून. तिनं तो जपून ठेवला होता आणि एकदाही लावला नव्हता. आता तिनं लावला आणि फोन माझ्या वंगणानं काळ्या झालेल्या हातात कोंबला. नाना ओफोरी उभे राहिले होते.

घंटी बराच वेळ वाजली. मला वाटलं, उचलणार नाही, आणि मला ते बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. मग गिरणीची घरघर ऐकू आली आणि तिच्यावरून माणसाचा आवाज. तिचा नंबर त्याच्याकडे अजून होता.

"पोकुआ?" तो म्हणाला. "पोकुआ, आईला काही झालं का?"

मी आधी माझं नाव सांगितलं.