खिडकीतली बाटली

मंगळवार, १५ फेब्रुवारी १९४४. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अमिनानं नवऱ्याच्या खाटेखालची काचेची बाटली दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

बाटलीत लालसर पाणी होतं. बुचातून निघालेली रबरी नळी वाहिदच्या डाव्या कुशीतून, दोन फासळ्यांमधून, छातीत गेली होती.

वाहिद वलवणचा लोहार. रविवारी सकाळी गाडीच्या चाकाभोवतीची लोखंडी धाव कापताना छिन्नीच्या डोक्याची कपची उडाली आणि त्याच्या छातीत घुसली. लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. पुण्याचे सर्जन माधवराव त्या दिवशी तिथं रोगी तपासायला आले होते. त्यांनी छाती उघडून कपची काढली, हृदयावरच्या गव्हाच्या दाण्याएवढ्या जखमेला रेशमाचे दोन टाके घातले आणि साचलेलं रक्त बाहेर यावं म्हणून नळी ठेवली. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं. त्यामुळे आतलं रक्त आणि हवा बाहेर येते, बाहेरची हवा आत जात नाही. मात्र बाटली छातीच्या खाली हवी.

हे माधवरावांनी नर्स नंदाबाईंना नीट समजावलं होतं. नंदाबाईंनी अमिनाला सांगितलं ते एवढंच: "सांडू नका. नळी ओढू नका."

अमिनानं सांडली नाही, ओढली नाही. तिला दुपारची नमाज पढायची होती. रविवारपासून एकही वेळ जमली नव्हती. खोलीत खाट आणि खिडकी यांच्यामध्येच काय ती चटई मावत होती, आणि डोकं टेकायच्या जागी रक्ताची बाटली. रक्त नापाक. म्हणून तिनं बाटली वर ठेवली आणि फडक्यानं झाकली. नंदाबाई तेव्हा मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून झोपल्या होत्या. दोन रात्री त्यांनी एकटीनं काढल्या होत्या.

नमाज संपत आली तेव्हा वाहिद खोकला.

"आत गार लागतंय गं."

अमिनानं त्याच्या अंगावर घोंगडी ओढली.

नंदाबाई तोंड धुऊन आल्या आणि फडकं बघून दारातच थांबल्या. मग त्यांनी पुढे होऊन नळी चिमटीत दाबली, बाटली खाली ठेवली, चिमटी सोडली. कुणाला काही बोलल्या नाहीत. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. दर दोन तासांनी पाण्याच्या पातळीशी त्या पेन्सिलीनं रेघ मारत आणि वेळ लिहीत. रविवारपासून रेघा वर चढत होत्या. अडीचची रेघ बाराच्या रेघेखाली दोन बोटं पडली. नंदाबाईंनी ती पाणी होतं तिथंच मारली.

बुधवारी दुपारी माधवराव पुण्याहून आले. वाहिदला एकशे दोन ताप होता. तरी तो बोलत होता.

"डागदरसाहेब, आमच्या भात्याला भोक पडलं तर आमी चामडं चिकटवतो. तुमी तर बाटली लावली."

"तुझा भाता जुना झालाय," माधवराव म्हणाले. "बोलू नकोस."

त्यांनी छातीवर स्टेथोस्कोप लावून ऐकलं, बोटांनी ठोकून पाहिलं. डावीकडे खाली आवाज बद्द येत होता. बाहेर येऊन त्यांनी नंदाबाईंना दोन शक्यता सांगितल्या. टाका गळत असला तर छाती पुन्हा उघडायची, आणि दुसऱ्यांदा हा टेबलावर टिकेल असं ते सांगू शकत नव्हते. दुसरं काही कारण असलं तर थांबता येईल. मग ते आत गेले, वाकून पट्टी पाहिली.

"ही रेघ खाली कशी?"

नंदाबाईंनी पट्टीचं सुटलेलं टोक बोटानं दाबलं.

"बाई, मी विचारतोय. पाणी गेलं कुठं?"

"म्या वर ठेवली हुती," अमिना म्हणाली. ती कोपऱ्यात उभी होती. "खिडकीत. नमाजेपुरती."

"किती वेळ?"

"चार रकात. धा मिंटं आसंल. न्हाई, जास्तीच. लय दिसांनी बसले हुते, तर दुवा मागत राहिले."

माधवरावांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मी झोपले होते," नंदाबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. तुम्ही अजूनही झोपल्यासारख्याच दिसताय." ते स्टुलावर बसले. "पाणी आत गेलंय. ताप त्याचाही असेल. टाक्याचा नसेलच असं नाही."

"मंग फाडनार न्हाई ना?"

"आज नाही. याला कुशीवर वळवायचं, सल्फाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. नळीतून येतं का बघू."

अमिनानं दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर सासरे राजमहंमद बसले होते.

"आबाला सांगू नगा."

माधवरावांनी नंदाबाईंना घरी जाऊन चार तास झोपायला सांगितलं आणि स्टूल बाटलीजवळ ओढलं. संध्याकाळची नमाज अमिनानं व्हरांड्यात पढली.

गुरुवारी सकाळी सहा वाजता ताप एकशे एक पूर्णांक चार होता. नळीतलं पाणी श्वासागणिक वरखाली होत होतं, म्हणजे नळी तुंबलेली नव्हती. रात्रीच्या रेघा पट्टीवर एकमेकींना जवळजवळ चिकटून होत्या: रक्त फारसं येत नव्हतं, पण आत गेलेलं पाणीही येत नव्हतं. टेबल तयार ठेवायला सांगितलं होतं. छाती उघडायची की नाही, हे माधवराव नऊ वाजता ठरवणार होते.