मामांनी निवडलेले बूट

मित्रांनो, या घराचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला काळे, जड असे काहीतरी टेकवून ठेवलेले तुम्हाला दिसेल. तो मी. एक जुना बूट, त्यातही डावा. येता-जाता प्रत्येकाचा पाय मला लागतो आणि कोणी सॉरीसुद्धा म्हणत नाही. माझी कहाणी फार आनंदाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. ऐकायची असेल तर बसा.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. जाड चामडे कापून लाकडी साच्यावर ताणले, दोन दिवस तसेच ठेवले आणि मग आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि माझ्या उजव्या भावाला, शिवले. उंची पोटरीपर्यंत. टाच दोन बोटे उंच, चामड्याचे थर एकावर एक ठेवून खिळ्यांनी ठोकलेली, आणि तिची पुढची कड सरळ. तळाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशी, एक पोलादी पट्टी. रस्त्यावर हिंडणाऱ्या बुटांना यातले काही लागत नाही. ते मऊ, हलके आणि दिसायला देखणे असतात, आणि दुकानात आलेला प्रत्येक जण आधी त्यांनाच हात लावतो. लावू दे. आम्ही झाडावर चढणाऱ्यांचे बूट होतो.

उंच झाडाच्या फांद्या छाटायच्या किंवा शेंडा उतरवायचा, तर माणूस पायांना लोखंडी काटे बांधतो आणि ते खोडात रोवत वर जातो. त्या काट्याचा पट्टा बुटाच्या तळाखालून जातो आणि टाचेच्या कडेला अडून बसतो. माणसाचा सगळा भार त्या पट्ट्यावर असतो. तळ मऊ असला तर पट्टा तळव्यात रुततो. टाच पक्की नसली तर पट्टा सरकतो आणि काटा निसटतो. मग काय होते ते मी पाहिले आहे.

दुकानात आम्ही बरेच दिवस खोक्यात पडून होतो. एका संध्याकाळी दोघे जण आले. पुढे एक वयस्कर गृहस्थ, पाय घासत चालणारे. मागे त्यांचा भाचा. भाच्याला कामावर सगळे खारोबा म्हणत, कारण जमिनीवर तो अवघडल्यासारखा वागायचा आणि झाडावर गेला की खारीसारखा सरसर पळायचा. मामा स्वतः वीस वर्षे झाडांवर चढले होते, मिळतील ते मऊ बूट घालून. त्यांच्या तळव्यांची कमान केव्हाच बसली होती. आता ते खाली उभे राहून दोर सांभाळायचे आणि वरच्या माणसावर ओरडायचे.

"दुकान बंद करतोय हो," दुकानदार म्हणाला. "सकाळी या ना."

"सकाळी पाय ताजा असतो," मामा म्हणाले. "दिवसभर राबून सुजलेला पाय आत मावला पाहिजे. म्हणून तर कामावरून थेट आलोय."

खारोबाने खिशातून लोकरीचे जाड मोजे काढून घातले. मामांनी त्याला बुटाचे पुढचे टोक जमिनीवर आपटायला लावले.

"बोटं पुढे लागतात?"

"नाही."

"टाच आत उचलली जाते?"

"नाही."

"घोटा?"

"धरून ठेवलाय."

एवढ्यावर दुसरा कोणी खूश झाला असता. मामांनी दुकानातली शिडी ओढली आणि भाच्याला तिसऱ्या पायरीवर, तळव्याच्या मध्यावर भार देऊन उभे केले. "पाव तास," ते म्हणाले. त्याआधी दोन मऊ जोड्या घालून खारोबा पाच मिनिटांतच कळवळून खाली उतरला होता. दुकानदार किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, "अहो, बूट घ्यायचेत की शिडी?" मामांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. पाव तास झाला तरी खारोबा आपला उभाच.

"उतर की आता," मामा म्हणाले.

"मामा, इथंच राहू का? जमिनीपेक्षा बरं वाटतंय."

त्या संध्याकाळी आम्ही खारोबाच्या घरी गेलो. आमच्यासारख्या जड, कुरूप जोडीला कोणी इतके पारखून घेतले, याचा मला फार अभिमान वाटला. तो अभिमान अजून गेलेला नाही.

पहिली चार वर्षे सुखाची होती. किती झाडे चढलो याचा हिशेब नाही. वीज पडून चिरलेली, इमारतींवर कललेली, आतून पोखरलेली. खारोबाचा पाय आणि मी एकमेकांच्या इतके सवयीचे झालो की माझ्या आत त्याच्या बोटांचे खड्डे पडले. कामावर नवीन माणूस आला की लोक त्याला मामांकडे पाठवायचे, "बूट घ्यायचेत ना? मग मामांना सोबत ने." आणि मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "असे घे." सबंध टोळीत माझ्याइतके नाव कुठल्याच बुटाचे झाले नसेल.

बूट घेताना मामांनी खारोबाला आमची निगाही शिकवली होती. चिखल पुसायचा, आत कागदाचे बोळे भरायचे, वाऱ्याला ठेवायचे, दोन दिवसांनी मेण चोळायचे. खारोबा हे सगळे मन लावून करायचा. मग त्याचे लग्न झाले आणि आमचे काम बायकोने आपल्याकडे घेतले.

ती कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात काम करायची. हुशार, चटपटीत बाई. तिच्या दुकानात ओले म्हणजे काय, तर वाफेखाली किंवा गरम हवेत घालून तासाभरात कोरडे करायचे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात खारोबा घरी आला तेव्हा आम्ही दोघे पाणी पिऊन फुगलो होतो. तिने आम्हाला पुसले आणि घरातल्या लोखंडी शेगडीला अगदी चिकटून ठेवले. सकाळी खारोबाने पाय घातला आणि तो हसला.

"गरम आहेत गं!"

"मग! दिवसभर गारठ्यात लटकणार तुम्ही. निदान निघताना तरी पाय उबेत असू देत."

त्यानंतर हे रोजचेच झाले. कागदाचे बोळे आणि मेण मागे पडले. तिला सांगायला हवे होते, पण गरम बुटांत पाय घालणाऱ्या माणसाला असले काही आठवत नाही. आणि मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मलाही ती ऊब आवडायची. दिवसभर चिखलात काढल्यावर कोणी इतक्या मायेने शेकायला ठेवले तर नको कोण म्हणेल? माझे चामडे आखडू लागले, वाकताना बारीक आवाज करू लागले. टाचेच्या थरांमधला ओलावा गेला आणि खिळ्यांची भोके सैल झाली. मला कळत होते. पण बुटाला सांगता येत नाही, आणि बाहेरून तर मी काळा कुळकुळीत दिसत होतो.

एका सकाळी एका सरळसोट झाडाचा शेंडा उतरवायचा होता. खारोबा तीन मजले वर गेला. मामा खाली दोर धरून होते. त्याने डावा पाय उचलून काटा रोवला, भार दिला, आणि माझी टाच उपटली गेली. पट्टा मागे सरकला आणि काटा लाकडातून सुटला. कमरेच्या दोरामुळे तो सरळ जमिनीवर आला नाही, पण खोडावरून घसरत आला आणि वाटेत तुटलेल्या फांदीच्या खुंटावर त्याचा डावा पाय आदळला. मी घोटा घट्ट धरला होता. तरी तो तीन जागी मोडला. मामांची हाक अजून माझ्या कानात आहे.

दवाखान्यात माझ्या नाड्या कात्रीने कापल्या. डॉक्टरांनी सांगितले की हाड सांधेल, पण झाडावर चढणे आता विसरा. बायको खारोबाचा हात धरून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "पण झालं कसं?" आणि तो म्हणाला, "मीच पाय चुकीचा टाकला असेन."

मामांना ते पटेना. खारोबा पाय चुकवणारा नव्हता. त्याला घरी आणल्यावर ते आम्हा दोघांना पिशवीत घालून मोच्याकडे गेले. मोच्याने माझी नाड्यांखालची जीभ वाकवली, ती कडकन चिरली. मग त्याने माझ्या उजव्या भावाला उसवून आत पाहिले. आतून तोही तसाच झाला होता. त्याला पुन्हा कोणी शिवले नाही.

"बूट अव्वल होता हो," मोची म्हणाला. "असा माल हल्ली बघायला मिळत नाही. पण याला भाजलंय. रोज शेगडीजवळ ठेवत होते का?"

आमची निगा कोण राखते हे मामांना माहीत होते. मला पिशवीत टाकून ते खारोबाच्या घरी आले. वाटेत दोनदा थांबले. मला वाटले, आता खरे काय ते सगळ्यांना कळेल आणि माझ्यावर ठपका राहणार नाही. दारातच बायकोने विचारले, "काय म्हणाला मोची?"

मामा खाली बघत म्हणाले, "माल खोटा निघाला, सूनबाई. माझी निवड चुकली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटा माल! मी! मला तेव्हा मामांचा इतका राग आला की काय सांगू.

"तुमच्या शब्दावर भरवसा ठेवला आम्ही," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यानंतर ती मामांशी बोलली नाही. खारोबाने भिंतीकडे तोंड केले. ती मला कचऱ्यात टाकायला निघाली, तर त्याने टाकू दिले नाही. मग मला दाराशी ठेवले.

गोष्ट बाहेर पसरायला वेळ लागला नाही. टोळीतल्या लोकांनी बूट घ्यायला मामांना सोबत नेणे बंद केले. कोणी तोंडावर काही बोलले नाही, बोलावलेच नाही. मामा अधूनमधून यायचे, घरातल्या करवतीला धार लावून द्यायचे, दारातच टेकायचे आणि जायचे. ती आत भांडी जरा जोरात ठेवायची. तिच्यासमोर ते मान वर करत नसत. तेव्हा कुठे मला उमगले, की तिच्या मनाला बोच लागू नये म्हणून हा माणूस स्वतःचे नाव घालवून बसला आहे. माझा राग तेव्हा गेला. माझीही बदनामी झाली होती, पण ती मला पुढे जड वाटली नाही.

आठ महिन्यांनी खारोबा लंगडत पुन्हा कामावर जाऊ लागला. आता जमिनीवर, पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला. नवीन बूट बायकोने स्वतः निवडले. मऊ, हलके, आत गादी असलेले. मी काही बोलणार नाही, जमिनीवरच्या कामाला ते चालले असते. पण पहिल्याच पावसाच्या दिवशी तिने ते पुसले आणि शेगडीला चिकटवून ठेवले. मोडलेल्या घोट्याला गारवा सोसत नाही म्हणून या वेळी आणखी जवळ.

मला ओरडावेसे वाटले. त्याच संध्याकाळी मामा धार लावलेली करवत परत द्यायला आले. दारात उभे राहिले आणि त्यांची नजर शेगडीकडे गेली.

"सूनबाई, ते बूट तिथून उचल."

इतक्या महिन्यांनी ते तिच्याशी बोलत होते. ती वळली. "त्यांच्या पायाला गार सोसत नाही."

"तरी उचल."

"का?"

दुसरी थाप मामांना सुचली नाही. किंवा सुचली असेल आणि मारावीशी वाटली नसेल. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने शेगडीजवळच्या बुटांकडे पाहिले, आणि मग दाराशी माझ्याकडे. माझ्या वरच्या चामड्यावरच्या चिरा तिला पहिल्यांदा दिसल्या असाव्यात. ती खाली बसली.

"मोच्यानं हेच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मामा करवत भिंतीला टेकवू लागले.

"मामा, मी आठ महिने तुमचं तोंड बघितलं नाही."

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं गं," खुर्चीत बसलेला खारोबा म्हणाला. "मी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. सकाळी पाय उबेत जायचे, म्हणून गप्प बसलो."

ती उठली. तापलेले बूट तिने हातानेच उचलले, खिडकीत ठेवले, आणि जुने कागद चुरगळून एक-एक बोळा आत भरू लागली. बोळे भरून झाले तरी ती भरतच राहिली. शेवटी मामांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला.

मित्रांनो, बुटाने यातून काय सांगावे? निवडताना पारखून घ्या, हे मामांनी तुम्हाला दाखवलेच आहे. पण घेतल्यानंतर ज्याची काळजी घेता त्याला काय मानवते हे ठाऊक असलेल्या माणसाला विचारा, आणि ठाऊक असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. वाईट वाटेल म्हणून उद्यावर ढकलू नका. एवढीच माझी विनंती आहे.

मामांशी ती आता बोलते. चहा देते, ख्यालीखुशाली विचारते. रोज सकाळी खारोबा खिडकीतले गार बूट घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसतो आणि दुखरा पाय हळूहळू आत घालतो. ती त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते, आणि त्याचा कण्हण्याचा आवाज थांबेपर्यंत बाहेर येत नाही.