जाळीची खोली

कंपनीत परत आलेल्या मालाचा विभाग माझ्याकडे होता. म्हणजे संशय घेण्याचाच मला पगार मिळायचा. गिऱ्हाईक म्हणतं, पेटी उघडली तेव्हाच बिघडलेली होती. आपण पाहायचं की खरंच बिघडलेली होती की याच्याच हातून आपटली. वर्षानुवर्षं हे केलं की माणूस घरीसुद्धा साखरेच्या डब्याचं झाकण बघून कोण येऊन गेलं ते ओळखतो.

कंपनी माझ्या भावाची, दादाची. त्याने एक चिप बनवली होती. काडेपेटीपेक्षा लहान, पण मोठ्या खोलीभर गाणं ऐकवेल एवढा जोर तिच्यात. जुने अॅम्प्लिफायर तव्यासारखे तापायचे. ही चिप तासन्‌तास चालवून वर बोट ठेवलं तरी गार. दादा प्रत्येक पाहुण्याला तिच्यावर बोट ठेवायला लावायचा आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा. स्वतःच्या मुलीच्या बारशाला तो इतका खूश नव्हता.

आवाजाची परीक्षा ऐकण्याच्या खोलीत व्हायची. तिच्या भिंती, छत, दार, सगळ्यांत तांब्याची जाळी बसवलेली होती. बाहेरच्या विजेची, मोटारींची, कशाचीही खरखर आत येऊ नये म्हणून. आत दादा आणि कानसेन डोळे मिटून बसायचे. कानसेन हे आमच्या तपासनिसाचं टोपणनाव. त्याचे कान खरोखर तीक्ष्ण होते, फक्त ते दादाच्या मताच्या बाहेर कधी गेले नाहीत.

कंपनीचा एक कडक नियम होता: आवारात रेडिओ आणायचा नाही. रेडिओने कान बिघडतात, असं दादाचं म्हणणं. फाटकावर वॉचमन पिशव्या तपासायचा आणि रेडिओ सापडला तर संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायचा.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक टेबलावरचे छोटे संगीतसंच बनवायचं. एके दिवशी त्यांच्याकडून चिप परत यायला लागल्या. तक्रार एकच, खरखर येते. मी प्रत्येक चिप कानसेनकडे पाठवायची. तो ती आमच्या बोर्डावर बसवून जाळीच्या खोलीत गाणं लावायचा आणि सांगायचा, "एकदम साफ."

"साफ आहे तर परत का येतेय?" मी विचारलं.

दादाने दार लावून घेतलं. "कुणीतरी त्यांचे कान भरतंय. आपल्यासारख्याच चिप बनवणाऱ्या त्या समोरच्या कंपनीला आपण संपायला हवे आहोत. आणि गिऱ्हाइकाकडे आपल्याकडून जातो कोण? तुझा नवरा."

माझा नवरा विक्री बघायचा. इंजिनिअर नव्हता, पण बोलण्यात पटाईत. मागच्याच महिन्यात तो दादाला म्हणाला होता, "गिऱ्हाईक विचारतंय, चिपवर पत्र्याचं टोपण बसवून मिळेल का?"

"माझ्या चिपला टोपडं घालायचं?" दादा इतका ओरडला की चहावाल्याने बाहेरूनच किटली परत नेली.

"घरी जरा लक्ष ठेव," दादा मला म्हणाला.

हे सांगायची गरज नव्हती, कारण लक्ष माझं आधीच होतं. नवरा हल्ली दर रविवारी दुपारी नमुन्याचा अॅम्प्लिफायर घेऊन गच्चीवर जायचा. मी जिना चढले की वरचा आवाज बंद. ऑफिसच्या बॅगेला त्याने कधी नव्हे ते कुलूप लावलं होतं. मी काही विचारलं की म्हणायचा, "कामाचं आहे." एकीकडे भाऊ, एकीकडे नवरा, आणि दोघांतला एक नक्की खोटं बोलत होता.

तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या खिशातली किल्ली काढून बॅग उघडली. कपड्यात गुंडाळलेला एक छोटा रेडिओ निघाला. आमच्या घरात रेडिओ! मी तो पर्समध्ये टाकला आणि मालकाची बहीण म्हणून वॉचमनच्या तपासणीतून सुटून थेट दादाच्या टेबलावर ठेवला.

दादाने नवऱ्याला बोलावून घेतलं. रेडिओ बघून त्याचा चेहरा उतरला, मग तो माझ्याकडे वळला. "मला विचारायचंस तरी."

"तू सांगायचंस तरी," मी म्हणाले.

"तुला सांगितलं म्हणजे दादाला सांगितलं." मग तो दादाकडे वळला. "तक्रार गाण्याची नाहीच आहे. त्यांच्या संचात रेडिओसुद्धा आहे. आपली चिप चालू असली की स्टेशन लागत नाही, नुसती खरखर. चिप बंद केली की स्पष्ट. गच्चीवर हा रेडिओ शेजारी ठेवून मी कितीदा करून पाहिलंय. पत्र्याचं टोपण बसवलं की चिपची खरखर आतच अडकेल, म्हणून ते टोपण मागतायत."

दादा शांतपणे उठला. "चल, ऐकू या."

आम्ही चौघं जाळीच्या खोलीत गेलो. कानसेनने जड दार लावलं. अॅम्प्लिफायर चालू केला, रेडिओ लावला. खरखर. नवऱ्याचा चेहरा खुलला. मग दादाने अॅम्प्लिफायर बंद केला. तरीही खरखर, तितकीच. नवऱ्याने बटण फिरवलं, रेडिओ उभा-आडवा करून पाहिला. कुठेही एक स्टेशन नाही.

"साहेब, रेडिओच खराब आहे," कानसेन म्हणाला.

"कुणी दिला तुला हा?" दादाने विचारलं.

"घरी असं होत नाही," नवरा म्हणाला. तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याची बाजू घ्यावी, एवढंच त्याला हवं होतं. पण मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी मान खाली घातली.

रेडिओ दादाच्या खणात गेला आणि नवरा त्याच दिवशी नोकरीवरून. त्या आठवड्यात तो कपडे भरून घरातूनही गेला. जाताना भांडला असता तर बरं झालं असतं.

मोठं गिऱ्हाईक सुटलं, मग त्याचं बघून बाकीचे. हळूहळू मशिनं बंद पडली. शेवटी जाळीच्या खोलीचं तांबं भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. त्याची माणसं पत्र्यासारखी जाळी ओढून काढत होती आणि दादा आपला लाडका अॅम्प्लिफायर चालू करून शेवटचं गाणं ऐकत बसला होता. तिथेच आणून ठेवलेल्या त्याच्या टेबलाचे खण रिकामे करताना मला तो रेडिओ सापडला. मी उगाच बटण फिरवलं. खरखर. दादाने गाणं संपवलं, अॅम्प्लिफायर बंद केला.

आणि एक बाई स्वच्छ आवाजात उद्याचं हवामान सांगू लागली.

दादाने अॅम्प्लिफायर चालू केला. खरखर. बंद केला. बाई. तो पुन्हा पुन्हा तेच करत राहिला. भंगारवाल्याची माणसं थांबून बघू लागली.

"दादा, जाळीतून रेडिओ लागत नाही, हे तुला त्या दिवशी माहीत नव्हतं?" मी विचारलं. "जाळी तूच बसवलीस."

"सुचलं नाही," तो म्हणाला. मी त्याच्याकडे परत आलेल्या पेटीकडे बघावं तसं बघितलं. खरं की खोटं, मला आजही ठरवता आलेलं नाही. "बोलाव त्याला. टोपण बसवू. सगळं नव्याने करू."

मी फोन लावला आणि दादालाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. "तुझं खरं होतं," मी म्हणाले. "चुकलं माझं. ये परत."

तो म्हणाला, "मी समोरच्या कंपनीत लागलो. तुम्ही हाकलल्यावर त्यांनीच विचारलं. आमच्या चिपला टोपण बसतंय आता."

"मग मी येते तिकडे. कुठे राहतोस?"

"नाही सांगत. तुला सांगितलं म्हणजे दादाला सांगितलं."

फोन बंद झाला. दादा माझ्या खांद्याशीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बघ," तो म्हणाला, "समोरच्या कंपनीचाच निघाला. मी म्हणत होतो ना?"